बायकोची वही

हेलन हंटिंग्डन दिवाणखान्यात रोजनिशी लिहीत बसलेली असते. नवरा येतो, वही हिसकावून घेतो, उजेडाजवळ सरकतो आणि पानं उलटत सावकाश वाचू लागतो. तिचा सगळा बेत त्या वहीत आहे. मुलाला घेऊन घर सोडायचं, चित्रं विकून पोट भरायचं, बापाच्या दारूचं आणि बाहेरख्यालीचं वळण मुलाला लागू द्यायचं नाही. वाचून झाल्यावर तो तिच्याकडून किल्ल्या काढून घेतो. तिचे रंग, कुंचले, रंगपाटी, वॉर्निश सगळं शेकोटीत जातं. राहिलेलं सामान चूल पेटवायला न्या, असं तो नोकराला सांगतो. पैसे आणि दागिने ताब्यात घेतो आणि यापुढे तुला महिन्याला थोडा हातखर्च मिळेल, असं बजावतो.

ॲन ब्राँटेच्या ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ या १८४८ च्या कादंबरीतला हा प्रसंग. वाचताना नवऱ्याचा संताप येतो. पण त्या रात्री त्याने कायद्याविरुद्ध एकही गोष्ट केलेली नाही. रंग त्याचेच होते, कारण लग्नानंतर बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. चित्रं विकून तिने चार पैसे मिळवले असते, तर तेही त्याचेच झाले असते. मूल त्याचं. आणि ती वहीसुद्धा त्याचीच. इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या स्त्रीला वेगळं अस्तित्व नव्हतं, ती नवऱ्याच्या अस्तित्वात विरून गेलेली असे. स्वतःच्या कमाईवर तिला हक्क मिळाला १८७० मध्ये, आणि मालमत्तेवर पुरता हक्क १८८२ मध्ये.

व्हिक्टोरियन कादंबऱ्यांमध्ये बायकांची इतकी गुपितं का, याचं उत्तर मला या शेकोटीत सापडतं. आपल्याकडे या कादंबऱ्यांबद्दल बोलताना एक ठरलेलं वाक्य येतं: तो काळ सोवळा होता, स्त्रीच्या कामभावनेबद्दल उघड बोलता येत नव्हतं, म्हणून लेखकांनी ती गुपितांच्या आड दडवली. हे अर्धंच खरं आहे. दडवणं हा त्या बायकांचा लाजाळूपणा नव्हता आणि लेखकांची निव्वळ युक्तीही नव्हती. जिच्या नावावर काहीच नाही, तिच्याजवळ नवऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट एवढीच काय ती तिची स्वतःची मिळकत उरते. पळून जायचा बेत, आधीचं नाव, आधीचं मूल, आणि मनातली आणि शरीरातली ओढ. नवऱ्याच्या हाती वही लागेपर्यंतच ही मिळकत तिची.

कादंबरीतल्या त्या वहीनंतर दहाच वर्षांनी लंडनच्या कोर्टात एका खऱ्या बाईची वही वाचली गेली. १८५७ मध्ये इंग्लंडमध्ये घटस्फोटाचा नवा कायदा झाला आणि १८५८ च्या जानेवारीपासून त्यासाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. तोवर घटस्फोट हवा तर संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागे. तसा तो मिळवू शकलेल्या स्त्रिया होत्या फक्त चार. नव्या कायद्याने वाट मोकळी केली, पण दोघांसाठी सारखी नाही. बायकोचा व्यभिचार सिद्ध झाला की नवऱ्याला तेवढं पुरे. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग, द्विभार्या किंवा रक्ताच्या नात्यातला संबंध असं आणखी काही सिद्ध करावं लागे.

या न्यायालयात पहिल्याच वर्षी हेन्री रॉबिन्सन नावाचा इंजिनिअर बायको इझाबेलाविरुद्ध उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये इझाबेला आजारी पडली असताना त्याने तिची रोजनिशी शोधून वाचली होती. एडवर्ड लेन या तरुण, विवाहित डॉक्टरबद्दलची तिची ओढ तिने त्यात वर्षानुवर्षं लिहिली होती. सरे परगण्यात मूर पार्क इथे या डॉक्टरचं जलोपचार केंद्र होतं. चार्ल्स डार्विनही तिथे उपचारांसाठी जात असे. वहीत फिरायला जाणं आहे, चुंबनं आहेत, घोडागाडीतला प्रवास आहे, आणि त्याहून जास्त नुसतं झुरणं आहे. हे सगळं भर न्यायालयात वाचलं गेलं आणि वर्तमानपत्रांत छापून आलं. लिहिणारी बाई मात्र साक्षीला उभी राहू शकत नव्हती. व्यभिचाराच्या दाव्यात पक्षकारांना साक्ष देण्याची मुभा १८६९ पर्यंत नव्हती.

मग तिच्या वकिलांनी बचाव काय केला? हे लिहिणारी बाई भानावर नव्हती, तिला गर्भाशयाचा विकार आहे आणि त्यातून तिला कामुक भ्रम होतात, असं त्यांनी मांडलं. डॉक्टरांनी तशा साक्षी दिल्या. म्हणजे नवऱ्याचं म्हणणं, ही गुन्हेगार. बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं, ही आजारी. बाईला एक पुरुष आवडला, त्याच्याविषयी तिने स्वतःच्या वहीत स्वतःसाठी लिहिलं, ही साधी शक्यता त्या दालनात कोणाच्याही कामाची नव्हती. न्यायाधीशांनी तिला वेडी मानलं नाही, हे त्यांच्या श्रेयाला लिहायला हवं. मजकूर म्हणजे व्यभिचाराची स्पष्ट कबुली नव्हे, असं म्हणून त्यांनी १८५९ च्या मार्चमध्ये नवऱ्याचा अर्ज फेटाळला. हेन्रीला बाहेर दोन मुली होत्या. त्यांच्यावर कोणी डॉक्टर बोलला नाही.

त्या काळचं वैद्यक याच दोन कप्प्यांत विचार करत होतं. बहुसंख्य स्त्रियांना कामभावनेचा फारसा त्रास होत नाही आणि ते त्यांचं भाग्यच, असं विल्यम ॲक्टन हा नावाजलेला डॉक्टर लिहीत होता. ज्यांना तो ‘त्रास’ होतो त्या आपोआप रुग्ण ठरल्या. लंडनमधला आयझॅक बेकर ब्राउन अशा स्त्रियांच्या योनिलिंगावर शस्त्रक्रिया करून ते कापून टाकत असे आणि वेड बरं केल्याचा दावा करत असे. नव्या कायद्याचा आधार घेऊन घटस्फोट मागू पाहणाऱ्या काही स्त्रियाही त्याच्या रुग्णांत होत्या. शस्त्रक्रियेनंतर त्या मुकाट नवऱ्याकडे परतल्या, हे त्याला उपचाराचं यश वाटत होतं. १८६७ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने त्याला काढून टाकलं. त्या वादात रुग्ण स्त्रीपेक्षा तिचा नवरा आणि बाप यांना अंधारात ठेवलं की काय, याची चिंता जास्त झाली.

आता १८६२ चं ‘लेडी ऑडलीज सिक्रेट’ हातात घेऊ. मेरी एलिझाबेथ ब्रॅडनची ही कादंबरी त्या वर्षी वाचकांनी अक्षरशः डोक्यावर घेतली. सोनेरी केसांची, बाहुलीसारखी नाजूक लूसी ग्रॅहम शिक्षिकेचं काम करता करता वयस्क, श्रीमंत सर मायकेल ऑडलीची बायको होते. आधीचं लग्न तिने लपवलेलं असतं. पहिला नवरा जॉर्ज परततो तेव्हा ती त्याला विहिरीत ढकलते, आणि पुढे गुपित फुटायला आलं तेव्हा माणसं झोपलेल्या सरायीला आग लावते. ती निष्पाप आहे, असं कोणीच म्हणणार नाही. पण जॉर्ज गेला कसा होता ते पाहा. ती झोपेत असताना, कुशीत तान्हं मूल असताना, एक चिठ्ठी ठेवून तो सोनं शोधायला ऑस्ट्रेलियाला निघून गेला. साडेतीन वर्षं त्याचं पत्र नाही.

तिने कायद्याकडे जायचं ठरवलं असतं तर? नुसता परित्याग घटस्फोटाला पुरेसा नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या खाणीवर नवऱ्याने कोणाशी संबंध ठेवले, याचा पुरावा एसेक्समधली शिक्षिका कुठून आणणार? वेगळं राहण्याची परवानगी मिळाली असती, पुन्हा लग्नाची नाही. नवऱ्याची सात वर्षं काहीच खबर नसती तर दुसऱ्या लग्नाबद्दल शिक्षा झाली नसती. म्हणजे तरुणपणाची सात वर्षं दुसऱ्याच्या मुलांना पियानो शिकवत काढायची, आणि तोवर तो परतला तर मुकाट त्याची बायको व्हायचं. हे कादंबरीकार सांगत बसत नाही. तिच्या वाचकांना ते तोंडपाठ होतं.

या कादंबरीतलं सर्वांत धारदार पान विहिरीचं नाही. गुपित फुटल्यावर घराण्याची अब्रू वाचवायला सर मायकेलचा पुतण्या रॉबर्ट लंडनहून डॉ. मॉसग्रेव्हला बोलावतो. तिला वेडी ठरवलं की खटला नको, फाशी नको, बातमी नको. डॉक्टर सगळं ऐकतो आणि म्हणतो, यात मला वेड दिसत नाही. घर सुखाचं नव्हतं म्हणून ती निघाली, बरं काही मिळेल या आशेने निघाली. यात वेड नाही. दुसरं लग्न केलं, कारण त्यातून पैसा आणि प्रतिष्ठा मिळत होती. यातही वेड नाही. मग त्याला जॉर्जच्या नाहीसं होण्याबद्दल सांगितलं जातं, तो तिला काही मिनिटं भेटतो आणि बाहेर येऊन निकाल देतो: वेड नाही, रक्तात आनुवंशिक डाग आहे, आणि ती धोकादायक आहे. मग तो बेल्जियममधल्या एका मनोरुग्णालयाच्या प्रमुखाला पत्र लिहून देतो. गावच्या स्मशानात तिला जिवंत पुरलंत तरी ती जगापासून इतकी सुरक्षित दूर राहणार नाही, असंही सांगतो. तिला तिथे खोट्या नावाने ठेवलं जातं.

गंमत म्हणून नव्हे, पण लक्षात राहावं म्हणून एक गोष्ट इथे नोंदवते. पळून गेल्यावर हेलन हंटिंग्डननेही ग्रॅहम हेच आडनाव घेतलं होतं. दोघींनी जुनं आयुष्य मागे टाकलं, नाव बदललं, नव्या गावात नवी ओळख सांगितली. हेलनचा नवरा मरेपर्यंत ती त्याची शुश्रूषा करते, म्हणून तिला शेवटी प्रेम आणि शेतवाडी मिळते. लूसीने मात्र वाट पाहिली नाही. मला ही दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवूनच वाचावीशी वाटतात. पहिल्यात स्त्रीचं शहाणपण जितकं ठळक दिसतं, तितकीच दुसऱ्यात तिची भूक. भूक हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. लूसीला पुरुष हवा नाही, उबदार खोली हवी आहे, रेशीम हवं आहे, उद्याची खात्री हवी आहे. आजकाल काही समीक्षक तिला दडपलेल्या कामवासनेची नायिका करतात, ते मला पटत नाही. बाईला काहीही हवंसं वाटलं की ते बिछान्यापाशी नेऊन पोचवायचं, हा बेकर ब्राउनचाच रस्ता झाला.

कामभावना या कादंबऱ्यांत आहेच, पण ती सोवळ्या समजल्या जाणाऱ्या पुस्तकांत जास्त सापडते. एलन वुडच्या १८६१ च्या ‘ईस्ट लिन’मध्ये इझाबेल चांगल्या नवऱ्याला सोडून एका लफंग्याबरोबर जाते. काही झालं तरी सहन करा पण घर सोडू नका, असं लेखिका थेट वाचक स्त्रियांना विनवते. हा उपदेश मला सहन होत नाही. पण पुढे ती काय लिहिते? रेल्वे अपघातात चेहरा विद्रूप झालेली इझाबेल निळा चष्मा घालून आपल्याच मुलांची शिक्षिका म्हणून त्याच घरात परतते आणि पूर्वीच्या नवऱ्याला नव्या बायकोचे लाड करताना रोज पाहते. तिची होरपळ पानोपानी चालते. ती पश्चात्तापाने जितकी होरपळते, तितकीच मत्सराने आणि ओढीनेही. नवरा आता कायद्याने परका आहे, त्यामुळे त्याच्याविषयी वाटणारी ओढही पापच. उपदेशाच्या चौकटीत लेखिकेने हे सगळं बसवलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. मार्गारेट ऑलिफंट या कादंबरीकार बाईंच्या मात्र आलं. १८६७ मध्ये त्यांनी तक्रार केली की आजच्या नायिका पुरुषाच्या दणकट बाहूंची आणि उष्ण श्वासांची वाट पाहत बसतात, आणि हे लिहिणाऱ्याही बायकाच आहेत. तक्रार रागाची होती, पण वाचन अचूक होतं.

पुरुषांच्या गुपितांचं काय झालं? शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मधला रॉचेस्टर अठरा वर्षांच्या जेनला आपल्या पॅरिसच्या रखेलीची गोष्ट फिरता फिरता सांगतो. त्याच्या माळ्यावर कोंडलेली बायको उघड होते तेव्हा तो तिच्या दुराचाराबद्दल बोलतो, आणि लगेच युरोपभरच्या आपल्या तीन रखेल्यांची यादीही देतो. तिचं वागणं वेडाचं लक्षण ठरतं, त्याचं दुःखाचं. आणि टॉमस हार्डीच्या ‘टेस’मधली लग्नाची रात्र तर प्रत्येकाने दोनदा वाचावी अशी आहे. एंजल क्लेअर सांगतो, लंडनमध्ये एका परक्या बाईबरोबर मी अठ्ठेचाळीस तास घालवले होते. टेस आनंदाने क्षमा करते, कारण आता तिला लग्नाआधी आपल्यावर झालेल्या अत्याचाराबद्दलही सांगता येईल. ती सांगते. त्याच शेकोटीसमोर, त्याच रात्री. आणि तो म्हणतो, इथे क्षमेचा प्रश्नच येत नाही, मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेसच.

ही कादंबरी १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात आली तेव्हा टेसवरचा अत्याचार कापून तिथे खोट्या लग्नाचं प्रकरण घातलं होतं. पाणी साचलेल्या वाटेवरून एंजल चार गवळणींना उचलून पलीकडे नेतो, त्या दृश्यात तर संपादकांनी त्याच्या हाती ढकलगाडी दिली. पुरुषाच्या हातांना मुलींचा स्पर्श होऊ नये म्हणून त्या ढकलगाडीत बसून गेल्या! पुस्तक काढताना हार्डीने हात परत आणले आणि शीर्षकाखाली ‘एक शुद्ध स्त्री’ असं लिहिलं. मला तो शब्द नको होता. टेस शुद्ध आहे की नाही हा एंजलचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर देताना लेखक त्याच्याच न्यायालयात साक्षीला उभा राहिला.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. लूसी मनोरुग्णालयात, इझाबेल मृत, टेस फासावर. मग या कादंबऱ्यांनी शेवटी नवऱ्यांचीच बाजू घेतली नाही का? शेवट तसे आहेत, हे नाकारता येत नाही. पण तीन खंडांची कादंबरी तेव्हा साडेएकतीस शिलिंगांना मिळे. ती विकत कोण घेणार? वाचक ती मुडीच्या वाचनालयातून वर्षाला एक गिनी भरून आणत, आणि मुडीने नाकारलेलं पुस्तक मेल्यात जमा होई. शिक्षा ही त्या दारातून आत जायची परवानगी होती. ती मिळवून लेखिकांनी वाचकाला शेकडो पानं त्या बाईच्या डोळ्यांनी जग दाखवलं. ब्रॅडनला तर आतलं सगळं ठाऊक होतं. ती प्रकाशक जॉन मॅक्सवेलबरोबर राहत होती आणि त्याची बायको आयर्लंडमध्ये मनोरुग्णालयात होती, असं सांगितलं जातं. वेड हे घटस्फोटाचं कारण नव्हतं. त्यांचं लग्न होऊ शकलं १८७४ मध्ये, ती बायको वारल्यावर.

हा कायदा इंग्लंडमध्येच राहिला असता तर मी एवढ्या पोटतिडकीने लिहिलं नसतं. तो बोटीने मुंबईला आला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. दादाजी भिकाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, तो दाम्पत्यहक्क मिळवण्याचा, म्हणजे जोडीदाराला नांदायला लावण्याचा. इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला हा प्रकार. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, कारण हिंदू धर्मशास्त्रात असा दावाच नाही आणि मनाविरुद्ध बाईला पाठवणं रानटीपणाचं आहे. अपिलात ते फिरलं, आणि १८८७ च्या मार्चमध्ये निकाल आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. ‘केसरी’ने त्यांच्याविरुद्ध लिहिलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की खुद्द इंग्लंडमध्ये अशा हुकूमनाम्यासाठी तुरुंगात टाकणं १८८४ मध्येच बंद झालं होतं. तेही कोणासाठी? जॉर्जिना वेल्डनच्या नवऱ्यासाठी. त्याने १८७८ मध्ये बायकोला वेडी ठरवून कोंडायचा प्रयत्न केला, ती निसटली आणि उलट तिनेच त्याच्यावर दाम्पत्यहक्काचा हुकूमनामा मिळवला. एका सभ्य गृहस्थावर तुरुंगात जायची वेळ आली तेव्हा संसदेला ती शिक्षा जाचक वाटली. मुंबईतल्या बाईला तीन वर्षांनी तीच शिक्षा सुनावली गेली.

इंग्लंडने हा दावाच १९७० मध्ये रद्द केला. आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये तो आजही आहे. तुरुंग गेला, पण हुकूमनामा मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं. बाईच्या शरीरावरचा निर्णय सरकारच्या हाती जातो, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कलम वाचवलं. त्याचे समर्थक म्हणतात, प्रत्यक्षात कोणी कोणाला ओढून नेत नाही, वर्षभर हुकूमनामा पाळला नाही की घटस्फोटाचं कारण मिळतं, एवढाच त्याचा उपयोग. तसं असेल तर वर्षभर वेगळं राहणं हेच कारण कायद्यात लिहावं, मध्ये नांदण्याचा हुकूम कशाला? प्रत्यक्षात बायकोने पोटगी मागितली की नवऱ्याकडून कलम ९ चा अर्ज येतो, आणि ती गेली नाही की ‘नांदत नाही, मग पोटगी कसली’ असा युक्तिवाद उभा राहतो. असा हुकूमनामा असला तरी न परतण्याला योग्य कारण असेल तर पोटगी मिळू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या जानेवारीत स्पष्ट करावं लागलं. म्हणजे का गेली नाहीस, याचं कारण बाईने आजही न्यायालयापुढे मांडायचंच आहे, आणि ते योग्य आहे की नाही हे दुसऱ्या कोणीतरी ठरवायचं आहे. कलम ९ रद्द करा, ही मागणी त्यासाठी.